पाटीचा दगड आणि हिरवी बनात



या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय ऐकता, शेतीचे अर्थकारण ऐकता, देशोदेशींच्या राजकारणाची चर्चा ऐकता. अशा श्रोत्यांपुढे आम्ही आज बिलियर्डच्या जुन्या टेबलांविषयी बोलणार आहोत. निमंत्रण देण्यास आलेल्या चिटणीसांना आम्ही विषय सांगितला, तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "गुरुजी, जालन्यात बिलियर्ड?" त्यांच्या प्रश्नात थोडी थट्टा होती आणि थोडे खरे कुतूहलही होते. थट्टेला आमच्याजवळ उत्तर नाही. कुतूहलाला मात्र आहे, आणि ते देण्यासाठीच आज उभे राहिलो आहोत.

आरंभी एक योगायोग सांगतो. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. आपली आजची सभा ही त्याच परंपरेतली. त्याच १८७५ साली जबलपूरच्या छावणीत, डेव्हनशायर पलटणीच्या मेसमध्ये, नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एका तरुण लेफ्टनंटाने बिलियर्डच्या टेबलावर काही रंगीत चेंडू वाढवले आणि एका नव्या खेळाला जन्म दिला. तोच आजचा स्नूकर. पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेला चेंबरलेन तो हा नव्हे. नाव तेवढे एक. वुलिचच्या लष्करी विद्यालयातल्या नवशिक्या छात्राला थट्टेने 'स्नूकर' म्हणत. मेसमध्ये कोणाचा तरी नेम चुकला, चेंबरलेनने त्याला त्या शब्दाने हिणवले, आणि तेच नाव खेळाला चिकटले. १८८२ साली उटकमंडच्या क्लबात त्याचे नियम बांधले गेले. म्हणजे जगभर खेळला जाणारा हा खेळ विलायतेहून आपल्याकडे आलेला नाही. तो आपल्याकडून विलायतेस गेला. पावसाळ्याच्या लांबट संध्याकाळी छावणीत करमत नव्हते, एवढेच त्याचे मूळ.

छावणी म्हटली की आपले जालना आलेच. १८०३ च्या सप्टेंबरात आपल्याच जिल्ह्यातल्या असईला लढाई झाली आणि त्यानंतर या मुलखात इंग्रजी लष्कराचा पाय रोवला गेला. हैदराबाद कंटिंजंटची मोठी छावणी जालन्यास होती; ती १९०३ साली उठली. जेथे छावणी तेथे मेस, आणि जेथे मेस तेथे बिलियर्डचे टेबल, हा त्या काळचा रिवाज होता. पुढे तोच रिवाज संस्थानिकांनी, सुभेदारांनी आणि शहरोशहरीच्या क्लबांनी उचलला. आमचे मराठवाडा तर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. हैदराबादेस १८८४ साली ज्याचा पाया घातला गेला त्या फलकनुमा महालात बिलियर्डसाठी खास दालन आहे. राजधानीत जे वरच्या मजल्यावर, ते जिल्ह्याच्या गावी थोड्या लहान प्रमाणात, असा क्रम असे.

आता ही टेबले म्हणजे काय वस्तू आहे ते पाहू. लांबून पाहणाऱ्याला वाटते, एक मोठे टेबल, वर हिरवे कापड. पण त्या कापडाखाली काय आहे, असे विचारले तर बहुतेक लोक म्हणतील, "लाकडाची फळी." तसे नाही. कापडाखाली दगड आहे. आणि तो दगड तुमच्या-आमच्या ओळखीचा आहे. आपण लहानपणी ज्या पाटीवर श्री गिरवला, तोच हा पाटीचा दगड.

पूर्वी हे टेबल लाकडी फळ्यांचेच असे. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि चेंडू सरळ जाण्याऐवजी आपल्या मर्जीने जातो. लंडनच्या जॉन थर्स्टन या टेबलवाल्याने १८२६ साली लाकूड काढून पाटीचा दगड बसवला. वेल्समधल्या खाणींत हा दगड थराथराने सुटतो, घासून आरशासारखा सपाट करता येतो, पाणी फारसे पीत नाही आणि वाकत नाही. आमच्या जालन्याच्या भुईत दगडाला तोटा नाही. पण आपला काळा दगड ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा. तो फोडला तर फुटतो, पानासारखा उलगडत नाही. त्याचे जाते होईल, उंबरठा होईल, बुरूज होईल. बारा फुटी सपाटी होणार नाही. आपल्या शाळांच्या पाट्यादेखील आंध्रातल्या मार्कापूरकडून येत, त्या याच कारणाने.

पूर्ण मापाचे टेबल बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद. पाय आठ. वर दगडाच्या पाच लाद्या, दोन इंचांच्या आसपास जाडीच्या. एकेक लादी जुन्या हिशेबाने पाच मणांच्या घरात. पाच लाद्यांचे पंचवीस मण, त्यात सागाची किंवा महोगनीची चौकट, पाय, कुशन. सारे मिळून टनाच्या पुढे जाते. या लाद्या एकमेकींना पितळी खुंट्यांनी जोडलेल्या असतात आणि जोडाची रेघ प्लास्टर भरून घासून अशी बुजवतात की बोट फिरवले तरी कळू नये. आमच्या भागात रेल्वे आली ती विसाव्या शतकाच्या तोंडावर. त्यापूर्वी अशी लादी या मुलखात आणायची तर बैलगाडीवाचून दुसरा उपाय नव्हता. घाटातून, नदीच्या उतारातून, पेंढ्यात गुंडाळून. एक गचका बसला की लादी गेली. आपल्या माणसांच्या खांद्यांनी हे ओझे वाहिले, हे विसरू नये.

दगडानंतर कुशन. टेबलाच्या कडेला चेंडू आपटून परत येतो तो रबरामुळे. आरंभी तेथे लोकर व चिंध्या भरीत. थर्स्टनने १८३५ च्या सुमारास रबर वापरून पाहिले. पण ते कच्चे रबर थंडीत दगडासारखे कडक होई, म्हणून गरम पाण्याचे डबे कडेला लावून ते शेकावे लागे. पुढे गंधक घालून रबर पक्के करण्याची विद्या सापडली आणि १८४५ पासून तसले कुशन मिळू लागले. कुशनची धार चेंडूच्या मध्यापेक्षा किंचित वर असावी लागते. नाही तर चेंडू उडी मारतो. रबर जुने झाले की त्याचा जीव जातो. पारख सोपी आहे: चेंडू टेबलाच्या लांबीत जोराने मारावा. रबर जिवंत असेल तर तो चार-पाच वेळा टेबलाची लांबी काटतो. मेलेले असेल तर दुसऱ्या फेरीतच दमतो.

मग बनात. ही लोकरी बनात इंग्लंडच्या पश्चिम भागात विणली जाई. तिला मखमलीसारखी एकाच दिशेला लव असते. टेबलाच्या ज्या टोकाकडून खेळ सुरू होतो, तिकडून समोरच्या टोकाकडे ती लव जाते. ब्रश त्याच दिशेने, इस्त्री त्याच दिशेने. उलटी इस्त्री फिरवली की कापड कायमचे रुसते. लवेविरुद्ध हळू सोडलेला चेंडू वळतो, आणि मुरलेला खेळाडू हे वळण हिशेबात धरतो.

चेंडूंची गोष्ट मात्र दुःखाची आहे. ते हस्तिदंताचे असत. एका सुळ्यातून चांगले चेंडू मिळत ते चारदोनच. किती हत्ती या खेळापायी पडले असतील याचा विचार करवत नाही. अमेरिकेत एका टेबलवाल्याने हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्यास दहा हजार डॉलरांचे बक्षीस लावले, आणि त्या खटपटीतून जॉन हायट याने १८६९-७० च्या सुमारास सेल्युलॉइड पुढे आणले. म्हणजे ज्या प्लास्टिकमध्ये आज आपण बुडालो आहोत, त्याच्या जन्माची एक कळ या हिरव्या टेबलाशी आहे. आता चेंडू कृत्रिम राळेचे असतात, आणि हस्तिदंताचा व्यापार आपल्या देशात कायद्याने बंद आहे. तो तसाच बंद राहावा.

असो. ही झाली पुस्तकी ओळख. आता आमच्या हातून काय झाले ते सांगतो. कारण आजच्या भाषणाचे खरे कारण तेच आहे.

आमचे आयुष्य शाळेत सुतारकाम शिकवण्यात गेले. निवृत्त होऊन दोन वर्षे झाली असतील. जिल्ह्यातल्या एका जुन्या संस्थेने आपल्या इमारतीची दुरुस्ती काढली. तिच्या मागच्या दालनात असे एक टेबल पडून होते. कलकत्त्याकडे बांधलेले, सागाच्या चौकटीचे, आठही पाय शाबूत. वर वर्तमानपत्रांचे गठ्ठे, निवडणुकीच्या पेट्या, मोडक्या खुर्च्या. बनात उंदरांनी खाल्लेली. समितीपुढे भंगारवाल्याचा प्रस्ताव होता. लाकूड वेगळे, दगड वेगळा. दगडाला गिऱ्हाईकही ठरलेले होते, कोणाच्या तरी स्वयंपाकघरातील ओट्यासाठी. आम्हांस बोलावले ते टेबल नीट करण्यासाठी नव्हे, तर सागाची किंमत करण्यासाठी.

आम्ही चौकटीखाली शिरलो, आणि शिरल्यावर बाहेर यावेसे वाटेना. एकही खिळा नाही. कुसू आणि साल असे बसलेले की पोस्टकार्ड जाणार नाही. लाद्यांच्या प्रत्येक सांध्याखाली आडवी तुळई, म्हणजे भार कोठेही अधांतरी नाही. आम्ही तीस वर्षे मुलांना सांधे शिकवले. पण असा सांधा कारागिराच्या हातचा समोर ठेवून शिकवण्याचा योग आला नव्हता. आम्ही समितीस म्हणालो, "किंमत करायची तर याची करता येणार नाही. एक पावसाळा मुदत द्या, आम्ही हे उभे करून दाखवतो." समितीने मुदत दिली, पैसे मात्र दिले नाहीत. ते आम्ही आणि आमच्या जुन्या विद्यार्थ्यांनी जमवले.

तंत्रशाळेतली चार मुले मदतीस आली. काम सुरू झाले आणि पहिल्याच दिवशी आमच्या घाईने आम्हांस धडा दिला. पाच लाद्यांत मधली ओळखू येते, कारण तिला दोन्ही बाजूंनी मधल्या पॉकेटांचे खाचे असतात. टोकाच्या दोन ओळखू येतात, कारण त्यांचे कोपरे कापलेले असतात. उरलेल्या दोन मात्र जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. त्यांवर खूण करायची राहिली. परत बसवताना त्यांची अदलाबदल झाली, पितळी खुंट्या भोकांत बसेनात, आणि एका मुलाने पहार लावून लादी सरकवली. ती बोलली, म्हणजे दगड फुटताना जो बारीक आवाज येतो तो आला. कोपऱ्याचा सुपारीएवढा टवका निघाला. मुलगा रडवेला झाला. आम्ही त्याला म्हणालो, "पहार तुझ्या हातात होती, पण खूण करायला विसरलो ते आम्ही." टवका पुढे इपॉक्सीने चिकटवून घासून सारखा केला, आज तो कापडाखाली आहे, आणि आमच्या मनात आहे.

पण खरी चूक याहून मोठी होती, आणि ती करताना आम्हांस चूक वाटलीच नाही.

टेबल उतरवताना लाद्यांखाली आणि पायांखाली बराच कचरा निघाला होता. पत्त्यांचे पत्ते, सिगारेटच्या पाकिटांचे पुठ्ठे, घडी केलेल्या पावत्या, सागाच्या पातळ ढलप्या, कोठे जस्ताची चकती. आम्ही ते सारे झाडून काढले. स्वच्छता हा कारागिराचा धर्म, असे मुलांना सांगितले आणि ती टोपली उकिरड्यावर रिकामी केली.

मग शास्त्राप्रमाणे काम केले. चौकट गुण्यात आणली. मधली लादी प्रथम ठेवली, पाणसळ लावली, पाचरी मारल्या, आणि तेथून दोन्ही टोकांकडे गेलो. जोड भरले, घासले. सागाला लाखेचे पॉलिश दिले. या पॉलिशला लोक फ्रेंच म्हणतात, पण त्यातली लाख आपल्या देशातल्या झाडांवरची. नवे रबर मुंबईहून आणले. बनात ताणण्यास तिकडूनच एक कारागीर आला. प्रथम लांबीत ताण, मग रुंदीत, आणि शेवटी पॉकेटांच्या तोंडाशी घड्या न पडू देता ती उतरवणे. ते काम त्याने चार तास एकही शब्द न बोलता केले. पाणसळीचा बुडबुडा मधोमध होता. आम्ही समिती बोलावली. पेढे वाटले.

दीड महिन्यात, पाऊस लागल्यावर, चेंडू चालू लागला. हळू सोडलेला चेंडू टेबलाच्या मध्यावरून सरळ जाण्याऐवजी उत्तरेच्या कडेकडे ओढला जाई. आम्ही पुन्हा पाणसळ लावली. बुडबुडा सरकला होता. पाचरी बदलल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. समितीत कुजबुज सुरू झाली. भंगारवाला पुन्हा येऊन गेला, असे कळले.

त्या संस्थेत पूर्वी एक मार्कर होते. मार्कर म्हणजे टेबलाजवळ उभा राहून गुण मोजणारा, चेंडू काढून देणारा, ब्रश आणि इस्त्री करणारा नोकर. ते ऐंशीच्या पुढचे. सारे त्यांना चाचा म्हणत. दिसत कमी होते. एका विद्यार्थ्याने त्यांना रिक्षात घालून आणले. ते टेबलाला हात लावून एक फेरी फिरले. कापडावरून तळवा फिरवला. एक चेंडू मागितला, तो क्यूने न मारता हाताने हलकेच सोडला आणि कान लावून उभे राहिले. चेंडू थांबल्यावर त्यांनी विचारले, "पायांखाली जे होते, ते कोठे आहे?"

आम्ही म्हणालो, "चाचा, तो कचरा होता. टाकून दिला."

चाचा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "गुरुजी, वो कचरा नई था. वो टेबल का हिसाब था."

मग त्यांनी सांगितले ते असे. त्या दालनाची शहाबादी फरशी काळ्या मातीवर, मुरूम न घालता बसवलेली होती. काळी माती पाऊस प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून बसते, हे शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक आहे. उत्तरेकडे पावसाचे पाणी मुरत नसे. दक्षिणेकडे पन्हळ पडे. म्हणून पावसाळ्यात दक्षिणेचे पाय वर येत आणि चेंडू उत्तरेला ओढला जाई, उन्हाळ्यात उलटे. चाचा दरवर्षी मृगानंतर दोन पत्ते काढीत आणि होळीच्या सुमारास दोन पत्ते घालीत. कोणत्या पायाखाली किती, हे त्यांच्या हाताला पाठ होते. चाळीस वर्षे टेबल सारखे राहिले ते टेबल उत्तम होते म्हणून नव्हे; एक माणूस जमिनीशी रोज हिशेब करीत होता म्हणून. आणि तो हिशेब आम्ही टोपलीत भरून उकिरड्यावर टाकला.

श्रोतेहो, आम्ही शिक्षक. मुलांना मोजमाप शिकवणारे. पाणसळ आम्हांस येत होती. पण पाणसळ आजची गोष्ट सांगते, वर्षाची सांगत नाही. हे त्या दिवशी एका मार्करने आम्हांस शिकवले.

पुढचे थोडक्यात सांगतो. टेबल पुन्हा उतरवले; या वेळी प्रत्येक भागावर खूण केली, आणि जे जे निघाले ते पाकिटात घालून त्यावर जागा लिहिली. आठही पायांखालची फरशी काढली, काळी माती दोन हात खोल उपसली, मुरूम भरून धुमसला, वर काँक्रीटचे ठोकळे केले. दक्षिणेची पन्हळ बदलली. चाचांना खुर्ची दिली. ते सांगत आणि मुले करीत. एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेला. आता वर्षातून एखाद्या पत्त्याच्या जाडीचा फरक पडतो, आणि तो कोणत्या महिन्यात, कोणत्या पायाशी, किती, हे एका वहीत मुले लिहितात. ती वही टेबलाखालच्या खणात असते.

आता एका आक्षेपाचे उत्तर देणे आमच्यावर आहे. तो आक्षेप आमच्या स्नेह्यांनीच घेतला. ते म्हणाले, "गुरुजी, २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यात माणसे टँकरच्या रांगेत उभी होती. आजही कोठे कोठे उभी राहतात. अशा ठिकाणी साहेबांच्या खेळण्यावर तुम्ही पैसा घालता?" दुसरे म्हणाले, "हा खेळ म्हणजे पैजा आणि सिगारेटी. मुले बिघडतील."

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर सोपे आहे. खेळाने माणूस बिघडत नाही. अंधाऱ्या खोलीने बिघडतो. खिडक्या उघडल्या, वेळ ठरवली, मुलींनाही वेळ दिली, आणि पैजेला बंदी केली. पुण्यात १९२२ साली जन्मलेले विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यास बिलियर्डचे जागतिक हौशी अजिंक्यपद मिळवले. कोणत्याही खेळात एकट्याच्या बळावर जगज्जेता झालेला स्वतंत्र भारताचा तो पहिला खेळाडू. १९६४ साली त्यांनी ते पद पुन्हा मिळवले. मुंबईचे मायकेल फरेरा त्यांच्या मागून आले. जगज्जेतेपदांची रांग लावणारा पंकज अडवाणीही १९८५ साली पुण्यातच जन्मला. या खेळाला वाईट नाद म्हणण्यापूर्वी ही नावे आठवावीत.

पहिला आक्षेप मात्र सोपा नाही, आणि आम्ही त्याला झटकून टाकणार नाही. ज्या काळात ही टेबले आली त्या काळात ती कोणासाठी आली हे आम्हांस ठाऊक आहे. आम्ही चाचांना विचारले होते, "तुम्ही किती चांगले खेळत होतात?" ते म्हणाले, "मी खेळलोच नाही. मार्करने क्यू धरायचा तो पुसण्यासाठी." तसा नियम कोठे लिहिलेला नव्हता, तो पाळला मात्र जाई. आणि हे साहेब गेल्यानंतरचे सांगतो आहे, आधीचे नव्हे. तेव्हा जुन्या वस्तूची पूजा करा, असे सांगण्यास आम्ही आलेलो नाही. त्या टेबलाबरोबर जी शिवाशिव आली होती तिची दुरुस्ती करण्याचे कारण नव्हते. ती भंगारातच गेली पाहिजे.

पण पाण्याचा प्रश्न आणि या टेबलाचा प्रश्न अगदीच वेगळे आहेत काय? विचार करून पाहा. आमच्या गावोगावच्या जुन्या विहिरी, बारवा, तळ्यांचे सांडवे यांचेही असेच झाले. कोणीतरी एक माणूस होता, ज्याला ठाऊक होते की कोणता दगड कोणत्या महिन्यात काढायचा आणि कोणती मोरी केव्हा उघडायची. त्याचे ज्ञान कोणी लिहिले नाही, कारण तो माणूस लिहिण्याजोगा आहे असे कोणास वाटले नाही. मग आपण यंत्र घेऊन गेलो, साफसफाई केली, आणि त्याचा हिशेब कचरा म्हणून फेकला. टेबलाच्या बाबतीत ती चूक आम्हांस दीड महिन्यात कळली, कारण चेंडू लगेच वाकडा गेला. तळ्याच्या बाबतीत ती कळण्यास दहा वर्षे लागतात.

म्हणून शेवटी काही व्यावहारिक सांगतो. आपल्यापैकी कोणाच्या संस्थेत, वाड्यात, जुन्या कचेरीत असे टेबल असेल, तर चार गोष्टी कराव्यात. पहिली, त्यावर वजन ठेवू नये, आणि दालनात ओल असेल तर आधी ती बंद करावी. वाळवी दगड खात नाही, पण पाय खाते. दुसरी, उतरवण्यापूर्वी प्रत्येक भागावर खडूने खूण करावी आणि कागदावर नकाशा काढावा. तिसरी, लादी नेहमी उभी, कडेवर धरून न्यावी. आडवी उचलली की ती आपल्याच वजनाने मोडते. पाच मणांच्या दगडाला सहा माणसे लावण्यात कमीपणा नाही. आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची: खालून जे निघेल ते फेकण्यापूर्वी गावात कोणी म्हातारा मार्कर, शिपाई, फर्रास उरला आहे काय याची चौकशी करावी. उरला असेल तर खुर्ची न्यावी, चहा न्यावा, आणि वही न्यावी.

चाचांचे काय झाले, असे आपण मनात विचारीत असाल. टेबल दुसऱ्यांदा उभे राहिले त्या दिवशी मुलांनी त्यांच्या हातात क्यू दिला आणि म्हणाली, "चाचा, पहिला फटका तुमचा." त्यांनी तो घेतला, टोक चाचपले, सवयीने खिशातून फडके काढून पुसले आणि मुलाच्या हाती परत दिला. "आँखें नई रहीं बेटा," म्हणाले, "तू मार, मैं सुनता हूँ." मुलाने मारला. चाचा ऐकत राहिले. चेंडू चार वेळा टेबल काटून थांबला, तेव्हा त्यांनी मान हलवली.

आम्हांस तेवढे पुरे झाले. साठ वर्षे उशीर झाला होता, त्याला मात्र कोणत्याही पाचरीचा उपाय नाही. उरला आहे तो एवढाच उपाय की, आज आपल्या आसपास जे कोणी अशा हिशेबाचे धनी आहेत, त्यांची दृष्टी आणि हात शाबूत असतानाच त्यांच्या हाती क्यू द्यावा आणि आपण वही घेऊन बसावे.